रामाच्या अरण्यातला फुलकिडा

दसऱ्याच्या आधी मी दोन याद्या करते. एक घरची: पायऱ्यांवर घालायचं पांढरं कापड, वाती, आल्यागेल्या मुलांना द्यायचा खाऊ आणि सगळ्यात शेवटी मारुती. नवरात्रात म्हैसूरच्या घराघरांत पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, तशा आमच्या चामराजपुरमच्या घरीही मांडतात. वरच्या पायरीवर लाकडाचे राजा-राणी आणि खाली राम, सीता, लक्ष्मण. मारुती फार पूर्वी फुटला. नवा आणायचा, असं मी दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी ते राहून जातं.

दुसरी यादी माझ्या कामाची. त्या वर्षी तिच्यात एकच शब्द उरला होता: नर.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात फुलकिडे बघते. मिरचीवरचे, कांद्यावरचे फुलकिडे सगळ्यांना माहीत असतात. माझे फुलांच्या वाटेला जात नाहीत. ते गळून पडलेल्या पानांत राहतात, पानांवरची बुरशी खातात. अंगानं तिळाच्या निम्मे.

शहराबाहेर, हिनकलच्या पुढे एका मोकळ्या जागेत फणसाची जुनी झाडं होती. तिथून मी कापडी पिशवी भरून पाचोळा आणला होता. त्यातला अर्धा पांढऱ्या ताटावर झटकला तेव्हा काही माद्या मिळाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या माहीत असलेल्या एका जातीशी जवळजवळ जुळत होत्या. पण जवळजवळच. डोक्यावरचे केस जरा आखूड, शेपटीची नळी जरा लांब. मी माझ्या जुन्या सरांना फोन केला.

"माद्यांचं सोड, त्या सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात," सर म्हणाले. "नराचे पुढचे पाय दाखव, मग नवी जात म्हण. तोवर छापायचं नाव काढू नकोस."

म्हणून पुन्हा हिनकलला गेले, तर झाडं नव्हती. जमीन सपाट झाली होती आणि तांबड्या मातीत प्लॉटचे दगड पुरलेले होते. मी कडेकडेनं चालून पाहिलं. वाळकं पानसुद्धा शिल्लक नव्हतं. पण मी घाबरले नाही. उरलेली अर्धी पिशवी ओल राहावी म्हणून घरी मोरीच्या खिळ्याला टांगून ठेवली होती.

घरी आले तेव्हा पिशवी दोरीवर वाळत होती. धुतलेली.

"अत्ते, ह्यातली पानं कुठं गेली?" मी सासूबाईंना विचारलं.

"इकडे ये. नोडु, बघ तरी, कसा दिसतो माझा वनवास!"

खालच्या पायरीवर त्यांनी माझा सगळा पाचोळा पसरला होता. त्यात राम, सीता, लक्ष्मण पोटरीपर्यंत बुडाले होते. बाजूला कलश बसला होता. कलश बसला की दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून निजवेपर्यंत मांडणीला कुणी हात लावायचा नाही. ह्या घरात मी आल्यापासून तो नियम कुणी मोडलेला नाही.

"अत्ते, ह्यात माझा किडा आहे."

"असू दे की. वनात किडे नसतील तर काय सोफासेट असेल? सुम्ने, गप्प बैस."

मला भीती पंख्याची आणि समईची होती. पानं वाळली की बुरशी मरणार, बुरशी मेली की किडे उपाशी. स्वल्प पाणी शिंपडू का, म्हणून विचारलं. त्यांनी विचार केला.

"पूजेच्या वेळी मी शिंपडीन, फुलानं. तू नको. तू बादली ओतशील."

मग मी रोज संध्याकाळी खाली बसून भिंगातून बघू लागले. करायला दुसरं काही नव्हतं, आणि मला काही न करता बसायची सवय नाही. पहिले दोन दिवस तपासायच्या उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन बसत होते. नंतर नेल्याच नाहीत. भिंगातून पाहताना एक पान म्हणजे गाव व्हायचं. शिरा म्हणजे रस्ते, बुरशीचे डाग म्हणजे पावसानं काळवंडलेली कौलं. समईची ज्योत हलली की गावावरून ढग सरकल्यासारखं वाटे. सीतेचा पदर कुठल्या तरी फार लांबच्या डोंगरासारखा वर गेलेला असे. मागे बायका यायच्या, कुंकू लावायच्या, बोलायच्या. ते सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं यायचं.

"काय हो मॅडम, सीतेच्या गालावरचा तीळ शोधताय?" शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं.

"तिला नवरी मिळालीय, नवरा मिळेना," सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं.

"आमच्याकडे उलटं आहे बघा. नवरा तयार, मुलगी नाही."

आणि एका संध्याकाळी, लक्ष्मणाच्या पायाशी वळलेल्या पानात, केशराच्या तुकड्याएवढं काही तरी चाललं. पिल्लू होतं, तांबूस, पोटाचं टोक वर उचललेलं. दोन-चार पावलं चाललं आणि पानाच्या घडीत शिरलं. हात नकळत पुढे गेला होता. तो मी मांडीखाली दाबून धरला. पिल्लावरून नर की मादी, मला सांगता येत नाही. त्या रात्री मी झोपेत पाचोळ्यातून चालत होते, आणि पानं माझ्या डोक्यावरून छपरासारखी जात होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी सासूबाईंनी वरच्या राजाला हलकेच आडवं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाहुल्या जुन्या साड्यांत गुंडाळायला घेतल्या आणि मी पांढरं ताट घेऊन बसले. एकेक पान झटकत गेले. कोळ्याची कात, वाती, अक्षता. पाचोळा संपत आला तरी ताट कोरंच. लक्ष्मणाजवळचं वळलेलं पान मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते झटकलं तेव्हा आधी काहीच पडलं नाही. दुसऱ्यांदा टिचकी मारली आणि एक काळपट ठिपका ताटात पडून अगदी सावकाश चालू लागला.

त्याचं अंग आरपार दिसेल इतकं निवळवून, अल्कोहोलमधून काढून लवंगेच्या तेलात ठेवलं तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "दात दुखतो का गं?" काचपट्टीवर डिंकासारख्या बाल्समचा थेंब, त्यात किडा, वर काच. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि उठून त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

"अय्यो! पुढचे दंड बघ ह्याचे, केवढे जाड! आणि हे काट्यासारखं काय?"

"तोच काटा हवा होता, अत्ते. त्या दुसऱ्या जातीला तो नाही."

"म्हणजे नवरा मिळाला?"

"मिळाला."

त्या अजून बघतच होत्या. "नवरा कसला," त्या म्हणाल्या, "हा मारुती आहे. रामाच्या वनात दुसरा कोण येणार? यादीतून काढ आता."

मग त्यांनी विचारलं, आता ह्याचं काय करायचं. बाल्सम वाळेपर्यंत आडवं ठेवायचं, बरेच दिवस, मी म्हटलं. त्या उठून आत गेल्या आणि बाहुल्यांसाठी फाडलेल्या साडीतला एक मऊ तुकडा घेऊन आल्या.