रत्नपालचा दम

साखऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरेपर्यंत भीमराज मास्तरांच्या गुडघ्यांनी त्यांचा जीव नकोसा केला होता. कधीकाळी याच गावात ते ब्रास बँडच्या पुढे चालत शिरायचे. लाल कोट, जरीची टोपी, ओठांत क्लॅरिनेट. आता पुढचे दात गेले होते, बँड मोडला होता आणि वरातींत डीजे दणाणत होता.

रत्नपाल गेला होता; आज त्याचं पुण्यानुमोदन होतं. बँडमधलं दुसरं क्लॅरिनेट त्याचं. ग्यासबत्तीचा झोत त्याच्या डोळ्यांना सोसत नसे, म्हणून तो कायम मागे, मोठ्या ढोलाच्या आडोशाला. त्याची ती एक चाल होती. त्यानं ती उचलली की मास्तर नुसतंच क्लॅरिनेट ओठांना लावून ऐकत चालायचे. लोकांना दिसायचे ते मास्तर.

वंदना झाली, पंगती उठल्या, आणि लिंबाखाली जुने शौकीन जमले. रत्नपालच्या पत्नी जनकाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मास्तर, माझ्या वरातीत तुमी ती चाल वाजवली ना," किसनराव म्हणाले, "घोडं बी जागचं हालंना! सूर वर चढायचा, मधीच तुटायचा, काळजात कळ यायची, आन् मंग खाली यायचा."

"ते रत्नपालनं वाजवलं, किसनराव."

"बघा! दर बारीला असंच म्हणतेत. काय मोठं मन! आपलं नाव दुसऱ्याला वाटून राहिले."

मास्तरांनी डोळे मिटले. हे त्यांनी कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर सांगितलं होतं, लग्नांच्या मांडवांत सांगितलं होतं, खुद्द रत्नपाल शेजारी बसलेला असताना सांगितलं होतं. खरं बोलावं, तर त्यांचाच मोठेपणा वाढायचा. रत्नपाल नुसता हसायचा. बँडात जाझ, म्हणजे ड्रम, वाजवणारा प्रेमसिंग आताही शेजारीच बसला होता; तो सगळं जाणून होता, पण ड्रमवाल्याला विचारतो कोण! सांगून सांगून मास्तर थकले होते. पण आज, रत्नपालच्या दारात, त्याच्याच फोटोसमोर त्याची चाल दुसऱ्याच्या नावावर जात होती, आणि जनकाबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"प्रेमसिंग, जाझ धर."

"जाझ कुठाय मास्तर? परात हाय."

"परात धर."

प्रेमसिंगनं उपडी परात मांडीवर घेतली. मास्तरांनी तोंडानंच चाल धरली. छाती भरून, सगळा जोर लावून, वरपासून खालपर्यंत एका दमात. संपली तेव्हा कपाळावर घाम होता.

"हीच का?"

किसनराव घुटमळले. "चाल तीच. पण त्यात ते तुटणं न्हाई."

"मी वाजवली की अशीच व्हायची. माझा दम लांब व्हता."

"मंग तुटायचं काहून?"

"दमा व्हता त्यांना," जनकाबाई एकदम म्हणाल्या. "बोलताना बी मधीच थांबायचे. मला हाक मारायचे तर 'जनका' वर थांबायचे, 'बाई' मागून यायचं."

किसनरावांनी टोपी काढली, फोटोकडे पाहिलं.

"अरे देवा. आन् मी त्या माणसाला कधी पाणी बी इचारलं न्हाई!"

"इचारलं असतं तर," प्रेमसिंग म्हणाला, "'मास्तरला द्या' म्हणला असता."

जनकाबाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मास्तर," किसनराव हळूच म्हणाले, "एकडाव त्यांच्यासारखी म्हणा ना."

मास्तरांच्या अंगात त्राण नव्हतं. तरी त्यांनी सुरुवात केली. त्या जागी मुद्दाम थांबायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मुद्दाम थांबावंच लागलं नाही, श्वासच संपला. चाल तुटली ती नेमकी तिथंच. त्या खाचेत प्रेमसिंगच्या बोटांनी परातीवर दोन ठोके दिले, रत्नपालच्या वेळच्या जुन्या सवयीनं, आणि श्वास परत येईस्तोवर सगळे थांबून राहिले.