मन्सूरने धरलेली रिकीब

मन्सूरला मी पहिल्यांदा पाहिलं ते बासष्ट साली, कतारात, दोह्याबाहेर रय्यानला, एका अरब मालकाच्या तबेल्यात. भर दुपारी तो खोगीर चढवलेल्या घोडीजवळ रिकीब धरून उभा होता. खोगिरावर कोणी नव्हतं. बाजूला चावीचा ग्रामोफोन वाजत होता.

माझा मेहुणा कमाल, तेल कंपनीतला कारकून, मला, पाहुण्या आलेल्या शाळामास्तराला, तबेला दाखवायला घेऊन आला होता. तो हसला. "काय रे मन्सूर, कोणाला चढवतोस?"

"चढवत नाय कमालभाई. उतरवतोय."

कमालचं हसू मावळलं. त्याने हलक्या आवाजात मला सगळं सांगितलं. एलादिओ नावाचा, तेलविहिरी खोदणारा मेक्सिकन ड्रिलर दर जुम्म्याला दुखानच्या तेलक्षेत्रावरून यायचा आणि आपल्या मुलखातल्या तबकडीवर या घोडीला नाचवायचा. त्यांच्या रांगड्या गाण्यांत घोडा म्हणजे स्वाराचा जिवलग. प्रेम, पैज, मरण, सगळं त्याच्या पाठीवर. शेवटच्या कडव्यात गवई लांब आरोळी ठोकायचा. घोडी गुडघा टेकून मुजरा करायची, मोतद्दार मन्सूर रिकीब धरायचा आणि मग एलादिओ उतरायचा. गाणं संपण्याआधी तो कधी उतरत नसे.

एका जुम्म्याला मात्र कंपनीची जीप त्याला न्यायला आली. मन्सूरनेच घाईने तबकडी थांबवली, एलादिओ उडी मारून गेला, आणि दुसऱ्या दिवशी तेलविहिरीवर अपघातात दगावला. तेव्हापासून घोडी चाऱ्याला तोंड लावत नव्हती. पाठीवर ओझं असल्यासारखी वाकून उभी राही. आज खाल्लं नाही तर गोळी घालू, असं मालकाने बजावलं होतं.

"मास्तर, तिला वाटतं तो अजून बसलाय," मन्सूर म्हणाला.

"आणि तुला?"

"माझ्या हातालापण वाटतं."

मी रिकिबीकडे पाहिलं. मन्सूरने ती खालून नुसती तळहातावर तोलली होती. वरचा पट्टा सैल पडायला हवा होता. तो ताठ ताणलेला होता.

ग्रामोफोनवर शेवटच्या कडव्याची आरोळी आली. घोडीने गुडघा टेकला.

"उतर भावा," मन्सूर हळूच म्हणाला. "गाणा संपला. खलास."

चामडं करकरलं. मग पट्टा लोंबू लागला. वाळूत पाऊल उमटलं नाही. मी नीट पाहिलं. सुई नुसतीच खरखरत राहिली. घोडी उठली, तिने अंग झाडलं आणि गवताकडे मान वळवली.

मन्सूर आता दापोलीजवळ लेकीकडे, जन्नतकडे, राहतो. ती सांगते, रेडिओवर कोणतंही गाणं लागो, संपल्याशिवाय अब्बा तो बंद करू देत नाहीत.