झुलीच्या थैल्या

आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. तिथे नन नसते, चर्च नसतं. माझ्या लेकीचं कॉन्व्हेंट वाशिमजवळच्या मालेगावात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली खताची पोती रचलेली आणि वर लेकरं ए फॉर ॲपल ओरडतायत, असा सगळा थाट. पण नावात कॉन्व्हेंट आलं की नाताळ आलाच. लेक पहिलीत होती त्या वर्षी डिसेंबरात बाईंचा मोबाइलवर निरोप आला. प्रत्येक पालकाने आपल्या मुलासाठी एक भेट, मुलाला कळू न देता, शाळेत आणून द्यायची. सांता ती सगळ्यांसमोर वाटणार. शक्यतो लाल रंगात गुंडाळलेली असावी.

निरोप वाचून माझं डोकंच फिरलं. डिसेंबर म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात कोरडा महिना. सोयाबीनचा पैसा फीमध्ये आणि हरभऱ्याच्या पेरणीत जिरलेला, आणि तूर अजून शेतातच उभी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवरा म्हणाला, "त्या दिवशी पाठवू नको तिले. ताप आला म्हनून सांग." त्याला तो मोठा शहाणपणाचा तोडगा वाटला. इकडे लेक रोज उठून विचारत होती, "मम्मी, सांताले आपलं गाव माईत हाये का?" त्या लेकराला खोटा ताप आणायची माझी तयारी नव्हती. पण सगळ्या वर्गासमोर तिचंच नाव येऊ नये, हेही मला सोसणार नव्हतं.

माझी थोरली जाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आमचं घर एकत्र आहे, चूल एक आहे, आणि त्या चुलीवर राज्य तिचं आहे. तिची मुलं मोठी होऊन कामाला लागली, म्हणून माझी लेक म्हणजे तिचं शेवटचं लेकरू. लेक तिला मोठी आई म्हणते आणि मला मम्मी. त्यात खरी आई कोण ते समजून घ्या.

"लाल कागद लागते, खेळनं लागते," मी चिडून म्हटलं. "कुठून आनू?"

"हा सांता कोन वं?"

"त्यांचा एक संतच आहे म्हणतात. लेकरांना भेटी वाटत फिरतो."

"संत हाये ना? मंग त्याच्या नावानं घरचं चालते," जाऊ म्हणाली. "आपल्या पोथीले कोनी दुकानचा परसाद नेते का?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे म्हशीसमोर बीन वाजवणं, असं मी त्या काळी म्हणत असे. पण अडचण एकच नव्हती. घरचं शिवायचं म्हणजे घरचं कापड वापरायचं. आणि आमची पोरं गोधडीत वाढलेली. कोणत्या तुकड्याचं कोणतं लुगडं, कोणता सदरा आजोबांचा, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. माझ्या निळ्या साडीची बाहुली सांताच्या हातात दिसली की लेक भर वर्गात सांगणार, हे तर माझ्या मम्मीचं लुगडं! मग कसला सांता आणि कसलं काय.

जावेने शेंगा बाजूला ठेवल्या. "मंग सावड करू," ती म्हणाली.

सावड म्हणजे शेतातली रीत. आज माझ्या रानात तुझी माणसं, उद्या तुझ्या रानात माझी; पैशाचं नाव नाही. ती रीत शिवणाला लावायचं डोकं तिचंच. आमच्या गल्लीतून लेकीच्याच ऑटोने शाळेत जाणारी आणखी दोन लेकरं होती, एक शेजारणीचा मुलगा आणि एक मागच्या घरची मुलगी. त्यांच्या आयाही माझ्यासारख्याच कपाळाला हात लावून बसल्या होत्या. जावेने दोघींना बोलावलं आणि वाटणी करून टाकली. मी शेजारणीच्या पोरासाठी करायचं, शेजारणीने मागच्या घरच्या पोरीसाठी, आणि मागच्या घरचीने माझ्या लेकीसाठी. कापड ज्याचं त्याने आपल्या घरचं घ्यायचं. म्हणजे कोणत्याही लेकराच्या हाती स्वतःच्या आईचं लुगडं पडणार नाही. मी बी.ए. झालेली बाई, पण मला हे सात जन्मांत सुचलं नसतं, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "आता सुईत दोरा ओव."

मग दुपारी आमच्या ओसरीवर कारखाना सुरू झाला. सकाळी ऑटो लेकरांना घेऊन गेला की आम्ही कामं उरकायचो आणि बसायचो. मी नवऱ्याच्या जुन्या पँटीचं दप्तर शिवलं, पट्ट्यासकट. शेजारणीने चिंध्यांचा असा काही हत्ती केला, की आम्ही तिघी हसून लोळलो, कारण तो चारही बाजूंनी तिच्या सासऱ्यासारखा दिसत होता. मागच्या घरचीने माझ्या लेकीसाठी बाहुली केली, पोटात शेवटच्या वेच्याचा कापूस भरून. त्या कापसाला भाव नसतो, पण पोट भरायला तो पहिल्या वेच्याइतकाच मऊ. जाऊ सगळ्यांच्या मधोमध बसून प्रत्येकीचा टाका पाही. सैल दिसला की उसवून परत हातात देई. ऑटोचा भोंगा ऐकू आला की सगळं पसाऱ्यासकट धान्याच्या कोठीत.

राहिला लाल रंग. चमकीच्या कागदाला जावेचा साफ नकार. "फाडून फेकाच्या वस्तूले पैसा कायले? थैली शिवू. झाकली मूठ सव्वा लाखाची." पण लाल कापड कोणाकडेच नव्हतं. एकीचं गुलाबी, एकीचं विटकरी. दुसऱ्या दिवशी आम्ही जमलो, तर जावेच्या मांडीवर झूल होती.

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल. ही झूल आमच्या पांढऱ्या बैलाची. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची, लालभडक, काठाला पिवळी झालर आणि जागोजागी बारके आरसे. पांढरा आमच्याच गाईचा गोऱ्हा. त्याची आई लवकर गेली, म्हणून जावेने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. म्हातारा झाला, पाय ओढू लागला, नांगरटीला ट्रॅक्टर आला, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या दिरांनी त्याला बाजारात नेलं. म्हाताऱ्या बैलाचं बाजारानंतर काय होतं, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही. त्या दिवशी जावेने नेहमीसारखा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि झूल घडी करून पेटीत ठेवली. रडली नाही. विचारायची ती फक्त माझी लेक. "मोठी आई, आपला बैल कुठं गेला?" जाऊ म्हणायची, "दुसऱ्या गावाले." कोणतं गाव म्हटलं, की ती चुलीकडे वळायची. मग लेक माझ्याकडे यायची आणि मी तिला अभ्यासाला बसवायची. असं कित्येक महिने चाललं होतं.

"बाई, झूल नका कापू," मी म्हटलं.

"काहून? बैल हाये का दारात?" तिने कात्री घातली.

जाड कापडात मशीनची सुई मोडली. मग तिने पोती शिवायचं दाभण काढलं आणि हातानेच टाके घातले. आरसे तसेच ठेवले, झालरीची दोरी केली. तीन थैल्या झाल्या. अशा सुंदर थैल्या मी वाशिमच्या दुकानातही पाहिल्या नाहीत, आणि हे मी जावेच्या कौतुकापोटी सांगत नाही. फक्त एका थैलीवर हिरवं ठिगळ आलं. पांढऱ्याने एका पोळ्याला शिंग घालून झूल फाडली होती, तिथे तिनेच लावलेलं. कापड पुरत नव्हतं, म्हणून ते ठिगळ घेतल्याशिवाय इलाज नव्हता.

आता आमचा शहाणपणा पाहा. लुगडं ओळखू येऊ नये म्हणून आम्ही तिघींनी केवढी सावड केली. आणि झूल? पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली उभे राहतात आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, कोणाची झूल कोणती. चौघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही.

नाताळाच्या दोन दिवस आधी आयांनाही शाळेत बोलावलं होतं. जाऊही आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. फळ्यावर बाईंनी सांताची गाडी काढली होती, पुढे शिंगवाली जनावरं जुंपलेली. सांता होता तो आमचाच ऑटोवाला, प्लास्टिकचा मुखवटा आणि कापसाची दाढी लावून. एकेका लेकराचं नाव पुकारत होता. चमचमत्या कागदांतून मोटारी निघाल्या, रंगपेट्या निघाल्या. मग शेजारणीच्या पोराला थैली मिळाली, मागच्या घरच्या पोरीला मिळाली, आणि शेवटी माझ्या लेकीला. हिरव्या ठिगळाची.

एक पोरगं ओरडलं, "हे तं बैलाची झूल हाये!" आणि सगळा वर्ग हसला.

मी जावेचा हात धरला. माझी लेक खाली मान घालून थैलीकडे पाहत होती. तिने त्या हिरव्या ठिगळावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मला वाटलं, गेलं सगळं. आता ही वळून आमच्याकडे पाहील, आणि तिच्या डोळ्यांत आम्ही दोघी खोट्या ठरू.

ती वळलीच नाही. मान वर करून त्या पोराला म्हणाली, "हो, आमच्याच बैलाची हाये. आमचा बैल सांताकडं गेला. ते पाह्य ना, गाडीले जुपला हाये." आणि तिने फळ्याकडे बोट केलं.

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या. बाई काहीतरी हरणाचं समजवायला गेल्या, पण शिंगं ती शिंगं. आमच्या पोरांना गाडी म्हणजे बैल. ते हसणारं पोरगं उठून माझ्या लेकीजवळ आलं आणि विचारू लागलं, "तुमचा कोनता? पुढचा का मांगचा?" लेक म्हणाली, "पुढचा. त्याले मांगं चालाले आवडत नाई." सांताने मुखवट्यामागून आमच्याकडे पाहिलं. पांढऱ्याच्या छकड्यातून तो लहानपणी कैकदा बसून गेलेला. "हो बेटा," तो म्हणाला, "लय गुणाचा बैल हाये."

जावेने हात सोडवून घेतला आणि पदर नीट केला. परत येताना ऑटोत ती खिडकीकडे तोंड करून बसली. लेक बाहुलीला बैलाच्या गोष्टी सांगत होती. बाहुली कोणाच्या लुगड्याची आहे, ते तिने पाहिलंही नाही.

मला वाटलं, संपलं. आमची अब्रू वाचली, लेकराचा सांता वाचला. घरी आल्यावर जाऊ अंगणात येऊन पुन्हा शेंगा सोलायला बसली. तेवढ्यात लेक गोठ्याकडून आली. थैली फुगलेली होती, तोंडाला झालरीची दोरी घट्ट बांधलेली. तिने ती जावेच्या मांडीवर ठेवली.

"काय वं हे?"

"ढेप हाये. आन् शेंगा बी हायेत." लेकीच्या हातांना ढेपीचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, भुगा लागला होता. "सांताले वापस देजो. रिकामी थैली वापस देत नसते."

ही रीत तिला जावेनेच शिकवलेली. शेजारून वाटी आली की ती कधी रिकामी परत जायची नाही. काही नसलं तर चार दाणे साखर, पण रिकामी नाही. ती वाटी घेऊन जायचं काम कायम माझ्या लेकीचं.

जावेने दोरी सोडून आत पाहिलं. ढेपीचे बारीक बारीक तुकडे केलेले होते, म्हाताऱ्या बैलाला चावता यावेत असे.

"त्याले दात नाई ना," लेक म्हणाली. "सांताले सांगजो, भिजवून दे म्हना."

"सांगतो," जाऊ म्हणाली, आणि मग मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. पदर न लावता, शेंगांच्या ढिगापुढे बसून, मोठ्याने. लेक घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी तिला जवळ घेतलं. माझेही डोळे भरले होते. मी म्हटलं, "मोठ्या आईला बैलाची आठवण आली." एवढ्या महिन्यांत त्या घरात कोणी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

लेकीने पुढे होऊन तिच्या गालावर ढेपीचा हात फिरवला. "नको रडू," ती म्हणाली. "तो सांताकडं हाये ना."

संध्याकाळी जावेने ढेप भिजत घातली. घरात एक म्हैस होती, तिच्यापुढे ती टोपली गेली नाही. जाऊ टोपली घेऊन गोठ्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी गेली आणि तिथे ठेवून आली. सकाळी ढेप चिमण्यांनी आणि गल्लीतल्या वासराने संपवलेली होती. लेकीने रिकामी टोपली पाहिली आणि खूश होऊन शाळेला गेली.