दादाचे दिवे आणि दोनशे चौदा चेहरे

आमच्या दादाला निवडणूक चढायची. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण प्रचार सुरू झाला की त्याचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. कोटावर दोन बिल्ले, खिशात शिट्टी आणि तोंडात उमेदवाराचं भाषण. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या फोटो स्टुडिओचं काउंटर आणि त्याची जीभ, दोन्ही मलाच सांभाळावी लागत.

दादाचा एक नेम होता. रोज सकाळी तो स्वतः स्टुलावर बसायचा, मी कॅमेऱ्यातून बघायचे आणि "झकास" म्हणायचे. मग दिवसभर दोन्ही दिवे जागचे हलत नसत. त्यांच्या पायांभोवती आमच्या वडिलांनी रंगाने गोल आखून ठेवले होते. समोर बाळ बसो की म्हातारा, दिवा गोलातच. याचा दादाला कोण अभिमान!

त्या वर्षीचा उमेदवार दर सभेत टेबलावर मूठ आपटून सांगायचा, की गोऱ्या-काळ्याचा भेद मी मुळासकट उपटणार. आम्ही गोरे. काळ्या लोकांची वस्ती रेल्वे यार्डाच्या पलीकडे होती. तिथल्या लोकांना मतदार कार्डासाठी फुकट फोटो काढून द्यायचं शिबिर उमेदवाराने भरवलं, आणि तेही आमच्या स्टुडिओत! दोन दिवसांत दादाने दोनशे चौदा फोटो काढले. "मी इतिहास घडवतोय," तो म्हणाला. "आधी बूट सरळ घाल, उलटे घातलेत," मी म्हणाले.

पुढच्याच शुक्रवारी सकाळी नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. त्या त्याच वस्तीतल्या. वहिनीची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी आपला अर्ज काउंटरवर ठेवला. त्यावर शिक्का होता : 'चेहरा अस्पष्ट. परत.'

"दोन निवडणुका अशाच गेल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "उद्या पाचला मुदत संपते. या वेळी मला मत द्यायचंच आहे."

दादा भडकला. त्या कारकुनांना मी सरळ करतो म्हणत आम्हा दोघींना घेऊन तडक कचेरीत गेला. खिडकीपाशी टोकदार नाकाची एक कारकूनबाई होती. तिने त्याचं भाषण पूर्ण होऊ दिलं, मग परत जाणाऱ्या अर्जांचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला. प्रत्येक फोटोत पांढरीशुभ्र कॉलर आणि तिच्या वर, चेहऱ्याच्या जागी, एक काळा डाग. फोटो उलटा केला, की मागे आमच्याच स्टुडिओचा शिक्का.

"तुमच्या गल्लीतल्या एकाचाही परत आलेला नाही," ती म्हणाली.

"आता त्यांचे चेहरेच तसे..." दादा बोलून गेला आणि थांबला.

कारकूनबाईने नर्सबाईंकडे बघितलं. "मला इथून यांच्या भुवया दिसताहेत, गालावरचा तीळ दिसतोय. तुमच्या कॅमेऱ्याला काय झालं?"

मला लाज वाटली. रोज सकाळी त्या कॅमेऱ्यातून बघून झकास म्हणणारी मीच होते, आणि बघत होते काय, तर आमच्याच घराण्याचं गोरं नाक!

दादाचा अजून उमेदवारावर भरवसा होता. ते मुदत वाढवून घेतील, म्हणत तो प्रचाराच्या कार्यालयाकडे पळाला, आम्ही दोघी त्याच्या मागे. उमेदवाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची दिली आणि प्रेमाने सांगितलं, "अहो, राहू द्या. तिकडची मतं आपली नव्हतीच. शिबिराचं नाव झालं ना? फोटो छापून आला, बास."

बाहेर पडल्यावर दादा शंभर पावलं तरातरा चालला. मग त्याने शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की रस्त्यावरची सायकल उभी राहिली.

"उद्या सगळ्यांना बोलवा," तो नर्सबाईंना म्हणाला. "सगळ्यांना!"

शनिवारी सकाळी सातलाच रांग कोपऱ्यापर्यंत पोचली. दिवे कुठे ठेवायचे, हे मात्र दादाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं फोटो काढणारा माणूस दिवा हातात घेऊन हरवल्यासारखा फिरत होता. शेवटी स्टुलावर बसलेले वस्तीतले सुतारमास्तरच सांगू लागले, "डावा जवळ आणा. अजून. अहो, मी चावत नाही!" सगळा स्टुडिओ खो खो हसला, दादासुद्धा. मग जी धमाल उडाली म्हणता! दादा फोटो काढतोय, धुतोय, मी ओले फोटो केस वाळवायच्या यंत्राने वाळवतेय, वहिनी सायकलवरून अर्जांचे गठ्ठे कचेरीत पोचवतेय, रांगेतल्या बायका दादाला दटावताहेत. इतकी मजा त्याला कुठल्याच सभेत आली नसेल.

रांग सांभाळणाऱ्या नर्सबाई सगळ्यांत शेवटी बसल्या. त्यांचा फोटो धुऊन झाला तेव्हा साडेचार वाजले होते. ओला फोटो त्यांनी हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघितला.

"माझ्या आईचा एकच फोटो आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच काढलेला. त्यात ती दिसतच नाही."

"निगेटिव्ह आहे ना माझ्याकडे! आत्ता नवा छापून देतो!" दादा हर्षाने टेबलावर चढला, वरची खोकी उपसली, साल शोधलं, पाकीट शोधलं आणि निगेटिव्ह खिडकीशी धरली. आम्ही सगळे त्याच्या खांद्यावरून वाकलो. आईची पांढरी कॉलर निगेटिव्हवर काळीभोर उमटली होती, शिवणीसकट. तिच्या वर, चेहऱ्याच्या जागी, काहीच उमटलं नव्हतं. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. तिच्यातून समोरच्या दुकानाचं दार दिसत होतं.

"पुन्हा बसवू त्यांना," दादा घाईने म्हणाला. "घेऊन या. मी स्वतः..."

"ती जाऊन नऊ वर्षं झाली."

बाहेर वहिनी सायकलची घंटी वाजवत होती. पाचला वीस मिनिटं होती.

"मला माफ करा," दादा म्हणाला.

"माफीचं नंतर बघू," नर्सबाई म्हणाल्या. "आधी फॉर्म." फोटो चिकटवून त्या वहिनीच्या मागे कॅरिअरवर बसल्या आणि गेल्या. दादा ती निगेटिव्ह खाली ठेवीना. मी दोनदा मागितली, त्याने दिली नाही.