फाटकाबाहेरची टोपली

बटेर पाळणाऱ्या बाईला लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. हे जंगलातले लावे तर नाहीत ना, आणि एवढ्याशा पक्ष्यात खायचं काय? दोन्ही ऐकून माझं डोकं फिरतं. एटापल्लीत आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे मी जपानी बटेर पाळते. पिंजरे मीच बांधलेत, अंडी उबवायच्या मशीनमध्ये पिल्लं मीच काढते, आणि या उद्योगावर घरात माझ्याशिवाय कुणाचा काडीचा विश्वास नाही.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत कोंबड्यांची मानमोडी आली. खेड्यात तिला नुसतं मर म्हणतात. कोंबडी पेंगते, हिरवं हगते, मान पिळवटते आणि मरते. बटेरांनाही ती सोडत नाही. पशुदवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लस गडचिरोलीहून बर्फात यायची आहे, तोवर बाहेरचं एक पीसही आत येऊ देऊ नका. मी फाटकाशी चुना टाकला. नवऱ्यालाही पाय धुतल्याशिवाय आत घेत नव्हते. रोज सकाळी पिंजऱ्यांवरचं पोतं काढलं की आधी एकेकाची मान बघायचे.

अशात बाजाराच्या दिवशी बाई आली. बाई म्हणजे माझ्या अम्मीची जंगलातल्या गावातली गोंड मैत्रीण. अम्मी गेल्यावरही तिचं येणं चालूच होतं. मोहफुलं, चारोळी घेऊन बाजाराला यायची, गाठोडं आमच्या ओसरीवर टाकायची आणि हक्कानं चहा मागायची. गावात मर आली की ती एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आमच्याकडे ठेवून जाई, मर ओसरली की परत नेई. बी राखणं म्हणतात याला, म्हणजे वाण टिकतं. सगळेच असं करतात, आणि त्याच टोपलीतून रोग गावोगाव फिरतो. अम्मीच्या काळात आमच्याकडे दुसरं एकही पाखरू नव्हतं, म्हणून निभावलं.

बाईच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेली टोपली दिसली, तशी मी धावत जाऊन फाटकाची कडी घातली. तो आवाज तिनं ऐकला.

टोपली आत घेता येणार नाही, तुम्ही पाय धुऊन आत या, असं मी म्हटलं. तिनं टोपली खाली ठेवली.

"माह्या कोंबड्या रस्त्यावर, न मी आत कशी येऊ?"

मी लसीचं, डॉक्टरांचं भराभर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. टोपलीत काळा कोंबडा होता. तिच्या देवाला तसाच लागतो, आणि त्याचा बाप, आजा आमच्याच ओसरीवर वाढले होते.

"तुयी अम्मी असती तं," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

मला संताप आला. स्वतःचा, तिचा, त्या डॉक्टरांचासुद्धा. मग बहिणीच्या गावी नेते, असं ती म्हणाली तेव्हा माझा आवाज चढला. तिथलंही खुराडं साफ होईल, असं मी ओरडूनच सांगितलं.

"मंग कुठी नेऊ?"

मी फाटक धरून उभी राहिले.

तेवढ्यात टोपलीत फडफड झाली. तिनं फडकं उचललं. एका कोंबडीची मान उलटी, पाठीवर वळली होती आणि ती तशीच आभाळाकडे बघत होती. आम्ही दोघींनी पाहिलं. बाईनं फडकं हळूच परत टाकलं, टोपली उचलली आणि फाटकापासून मागे सरकली.

"आतलंही दार लाव, पोरी."

ती बहिणीच्या गावाकडे वळली नाही. स्वतःच्या गावाच्या वाटेला लागली.

लस आली, बटेर वाचले. तिच्या खुराड्यात काही उरलं नाही. माझे बटेर तिला बी म्हणून द्यावेत, तर ते अंड्यांवर बसतसुद्धा नाहीत, आणि तिच्या देवाला त्यांचा काय उपयोग?

दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा बाजाराला आली. फाटक सताड उघडं होतं. ती बाहेरच थांबली. दोन्ही तळवे उघडून मला दाखवले.

"काही नाई आणलं," ती म्हणाली. "येऊ का?"