एकशे तेहतीसचे एकशे सहासष्ट

किशोरी नाखवा मूळची उरणजवळच्या करंज्याची. घरात होड्या, जाळी आणि मासळीचा धंदा. तिला मात्र लहानपणापासून बंद पडलेली वस्तू उघडून बघायची खोड होती. कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून २००८ साली तिनं पनवेलला उरण नाक्याजवळ एक छोटा गाळा घेतला, तेव्हा पहिले काही महिने गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "कुणी आहे का?" आणि ती म्हणायची, "मी आहे ना." दोन वर्षांत ते विचारणं थांबलं. सुकापूर, खांदा कॉलनीतून लोक तिचं नाव घेत येऊ लागले. तिची आई गंगाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. वाटा लावता लावता ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची किशोरी मशीनला हात लावते नं, नुसत्या आवाजावरना सांगते काय झालंय ते."

त्या सुमारास जेवणाच्या डब्याएवढे कॉम्प्युटर बाजारात आले होते. वीज कमी खायचे, आवाज करायचे नाहीत, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसायचे. पण जीव लहान. पत्र लिहा, गाणी ऐका, इथवर ठीक. जरा जड काम दिलं की धापा टाकायचे. अशा डब्यांना पळवण्यात किशोरीचा हातखंडा होता. मशीन सुरू होताना डिलीटची कळ दाबून ती बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरायची, नको त्या गोष्टी बंद करायची, ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली मेमरी वाढवायची. डबा तोच, पण चाल सुधारायची. गिऱ्हाईक तोंडावर स्तुती करायचं, आणि ती स्तुती तिला फार आवडायची.

२०१० च्या मार्चमध्ये सुकापूरचे काशीराम ठोसर असाच एक डबा पिशवीत घालून तिच्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. जमीन मोजणी खात्यात उभा जन्म गेलेला. आता हात थरथरायचा, त्यामुळे कागदावर रेघ सरळ येत नव्हती. मुलगा अविनाश मुंबईत नोकरीला, रोज जाऊन-येऊन. त्यानं घरात हा डबा आणला, तेव्हा उपग्रहाच्या नकाशांचा एक प्रोग्रॅम त्यांच्या हाती लागला आणि त्यांना जणू दुसरी नोकरी मिळाली. आपटा हे त्यांचं गाव. पाताळगंगेच्या काठची जुनी शेतं, बुजलेल्या विहिरी, नदी ओलांडायची पूर्वीची जागा, हे सगळं आठवून आठवून ते त्या नकाशावर खुणा करत होते आणि प्रत्येक खुणेला नाव देत होते. चार महिने हे काम चाललं होतं.

"नकाशातला डोंगर उभा करून बघायला गेलं की चित्र अडकतं," ते म्हणाले. "माझा हात आधीच अडकतो. दोघं अडकलो तर काम कसं व्हायचं?"

किशोरीनं ग्राफिक्सची मेमरी दुप्पट केली. डोंगर फिरू लागला, पण अजून हिसके देत होता. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. काका, एवढ्या मशीनकडून एवढंच होईल, असं सांगितलं असतं तर ते खुशीनं घरी गेले असते. पण ते तिच्या खांद्यावरून मोठ्या आशेनं बघत होते, आणि यापुढे जमणार नाही हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. ती पुन्हा बायोसमध्ये गेली. तिथं मशीनच्या मूळ ठेक्याचा आकडा होता, एकशे तेहतीस. सगळं मशीन त्या ठेक्यावर चालतं. ठेका वाढवला की प्रोसेसरही जोरात पळतो. हा आकडा वाढवायचा तर चार-पाचनं वाढवावा, तासन्‌तास तपासावं, मग पुढं जावं. किशोरीनं एका दमात एकशे सहासष्ट केला. पंख्याखाली, उघड्या टेबलावर पंधरा मिनिटं चालवून बघितलं. डोंगर लोण्यासारखा फिरला. काशीराम हसले. म्हणाले, "पोरी, तुझ्या हातात जादू आहे." आपण नेमकं काय केलं, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

त्या छोट्या बोर्डावर डिस्कही त्याच ठेक्याला बांधलेली होती. ठेका बेसुमार वाढला की डिस्कवर लिहिताना अक्षरं चुकू लागतात, थोडी थोडी, कुणाला कळणार नाही अशी. हे तिनं वाचलेलं होतं. त्या दिवशी तिला ते आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं, याचं उत्तर तिला पुढं कधीच नीट देता आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी अविनाश आणि काशीराम दोघं डबा घेऊन आले. मशीन चालू व्हायचं, पण विंडोज उघडतच नव्हतं. घरातले सहा वर्षांचे फोटो त्यात होते, अविनाशच्या मुलीच्या बारशापासूनचे. आणि आपट्याचा नकाशा.

किशोरीनं स्क्रीन आपल्याकडे वळवली, बायोस उघडला आणि समोर तिचा एकशे सहासष्ट दिसला. काय झालं ते तिला त्याच क्षणी कळलं. तिनं गुपचूप आकडा पुन्हा एकशे तेहतीसवर आणला.

अविनाश विचारत होता, "बाबा दिवसभर याच्यावर बसलेले असतात. त्यांनीच काहीतरी दाबलं असेल ना? सेटिंग वगैरे?"

तिनं मान हलवली. "असू शकतं," ती म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. काशीरामांनी आपल्या थरथरत्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "असेल. मला आठवत नाही, पण असेल."

नवी डिस्क घालून मशीन सुरू करून दिल्यावर अविनाशनं सांगितलं की बाबांना मशीन उघडता येणार नाही असा पासवर्ड टाका. तोही तिनंच टाकला, काशीराम समोर बसलेले असताना.

त्या दिवसापासून किशोरीचं कामातलं लक्ष उडालं. दुसऱ्या कुणाचं मशीन सुरू करताना तो आकडा समोर आला की कानशिलं तापायची. स्तुती ऐकवेना. जुन्या डिस्कवरून निदान नकाशा तरी परत मिळावा म्हणून तिनं रोज खटपट केली. दोनेकशे फोटो निघाले, नकाशाची फाईल उघडली तर आत नुसता कचरा. फोटो तिनं अविनाशला पाठवून दिले. त्यानं फोन करून मनापासून आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर तिनं ती जुनी डिस्क पुन्हा एकदा मशीनला लावली.

जूनमध्ये एकदा दुपारी गंगाबाई पाटी रिकामी करून गाळ्यावर आली. अविनाशची बायको आशालता तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. गंगाबाईनं सहज सांगितलं, "त्या आशावैनींच्या सासऱ्याचं काय खरं नाय गं. डोकं चालंना म्हणून डॉक्टरकडं नेला व्हता. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दावा म्हनला डॉक्टर. मानूस येवढा मोजनीवाला, नं त्याला घड्याळ काढाय लावलं."

किशोरीनं त्या दिवशी गाळा लवकर बंद केला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती सुकापूरला त्यांच्या घरी गेली. दार आशालतानं उघडलं. गंगाबाईंची मुलगी म्हणून तिनं कौतुकानं आत घेतलं, चहा टाकला. अविनाश आतल्या खोलीत पेपर वाचत होता. काशीराम गॅलरीत खुर्चीवर होते. किशोरी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि वाटेभर जुळवलेली वाक्यं विसरून सरळ बोलली, "काका, तुम्ही काही दाबलं नव्हतं. तो आकडा मी वाढवला होता. तुमच्या मशीनचं मीच वाटोळं केलं."

त्यांनी रस्त्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

"किती केला होतास?"

"एकशे तेहतीसचे एकशे सहासष्ट."

"आणि त्या दिवशी दुकानात तुला हे कळलं होतं?"

"हो. बघितल्याबरोबर."

"मग मान का हलवलीस?"

"चुकले म्हणायची लाज वाटली. तुम्ही जादू म्हणाला होता."

काशीरामांचा आवाज चढला नाही. "दोन महिने मी गॅस बंद आहे का ते तीनतीनदा जाऊन बघतोय," ते म्हणाले. "नातीला शाळेतून आणायला जायचो, ते सोडलं. म्हटलं, आपला भरवसा नाही. चूक कुणाकडूनही होते. मोजणीत मीही केल्यात. पण दुसऱ्याच्या बांधावर नेऊन नाही टाकल्या." मग ते उठले. "मला एकट्याला सांगून भागायचं नाही. आत चल. अविनाशला सांग, माझ्यासमोर."

तिनं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात आशालता उभी होती; किशोरीचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तिनं मागं जाऊन चहाखालचा गॅस बंद केला. अविनाश आधी किशोरीवर भडकला, फोटोंवरून, विश्वासावरून बरंच बोलला. ते सगळं तिनं खाली मान घालून ऐकलं. मग बोलता बोलता त्याची नजर वडिलांकडे गेली आणि त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. विचारल्याशिवायच त्यांच्यावर ढकलून मोकळा झाला होता तो. "बाबा," एवढंच म्हणाला.

"तो पासवर्ड काढायला सांग तिला," काशीराम म्हणाले.

किशोरीनं पासवर्ड काढला. मशीन मूळ ठेक्यावरच चालेल आणि डोंगर फिरवताना अडकेल, हे या वेळी स्पष्ट सांगितलं. ती निघाली तेव्हा थांब असं कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी तिनं आईलाही सगळं सांगितलं. गंगाबाई म्हणाली, "त्या वैनींच्या पिशवीत आता मी कंच्या तोंडानं म्हावरं टाकू?" दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं स्वतःच आशालताला सांगितलं की चूक माझ्या पोरीची हाय, आमी घरात पाठीशी घालनार नाय. आशालता त्या दिवशी काही न घेताच गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ लागली, पण किशोरीबद्दल कधी विचारत नसे.

काशीराम नातीला आणायला पुन्हा शाळेत जाऊ लागले, हे गंगाबाईकडूनच कळलं. नकाशाही त्यांनी परत सुरू केला होता. मात्र कितीतरी नावं आता दुसऱ्यांदा आठवत नव्हती. पहिल्या वेळी आठवली ती कशी आठवली कोण जाणे, असं ते सुनेला म्हणाले. नदीकाठच्या खुणा झाल्या, डोंगराकडची शेतं बिननावाची राहिली. हे ऐकलं त्या दिवशी किशोरीला जेवण गेलं नाही.

त्यानंतर कुणाच्या मशीनचा ठेका वाढवायचा असेल, तर त्यातला धोका ती आधी गिऱ्हाइकाला समजावून सांगायची. बहुतेक जण म्हणायचे, मग राहू दे. धंदा थोडा बसला. तिला त्याचं फारसं वाटलं नाही.

तीन वर्षांनी, २०१३ च्या डिसेंबरात, उरण नाक्यावर काशीराम रिक्षातून उतरताना तिला दिसले. ती पटकन उसाच्या रसाच्या गाडीआड झाली. आडोशाला उभं राहिल्यावर तिला आपलीच शिसारी आली, पण पाय पुढे निघेनात. काशीरामांनी तिला आधीच बघितलं होतं. ते काठी टेकत स्वतःच तिच्याकडे आले.

"अविनाश नवा डबा घ्यायचा म्हणतोय," ते म्हणाले. "ग्राफिक्स चांगलं आहे म्हणतात. डोंगर फिरेल का त्याच्यावर?"

"फिरेल," ती म्हणाली. "पण फार जवळ गेलात की थोडा अडकेल. आणि उन्हाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नका, तापेल."

"आकडा वाढवून नाही का चालणार?"

"वाढवता येतं, काका. मी सांगणार नाही वाढवायला."

काशीरामांनी तिच्याकडे क्षणभर निरखून बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि काठी टेकत रस्ता ओलांडून गेले. किशोरी गाळ्याकडे परत निघाली. लपल्याच्या शरमेनं आलेली चेहऱ्याची आग गाळ्यापर्यंत तशीच होती.