लिंबाच्या पानांवरचं औषध

सोसायटीच्या माळ्यानं फवारणी केली, की त्या उग्र वासानं मला पार्ल्याचं आमचं अंगण आठवतं. ताईला ताकात लिंबाचं कोवळं पान चुरडून लागायचं. तिच्या लग्नाच्या तोंडावर पानांवर नागअळीच्या चंदेरी रेघा उमटल्या आणि बाबांनी झाडाला डीडीटी मारलं. अळी पानाच्या आत मजेत राहिली, औषध मात्र वर बसलं. ‘वास जाईपर्यंत पान तोडायचं नाही,’ आईनं बजावलं. ताई रोज पान हुंगून यायची आणि ‘आहे रे अजून,’ म्हणत साधंच ताक प्यायची. मग ती नागपूरला सासरी गेली. एका सकाळी मी पान हुंगलं, तर नुसतं लिंबू. सांगायला घरात धावलो आणि उंबऱ्यातच थांबलो. अजूनही लिंबाचं पान हुंगलं, की मागे वळून म्हणावंसं वाटतं, ताई, वास गेला गं.